वजन पुरे, फुप्फुस अपुरे

गर्भिणीच्या पोटाचा घेर महिन्यांच्या मानाने मोठा दिसू लागला आणि सोनोग्राफीच्या अहवालात गर्भाचे वजन भरघोस असल्याचे कळले, की घरातील मंडळींना समाधान वाटते. बाळाने पोटातच बाळसे धरले, आईचे खाणेपिणे सत्कारणी लागले, अशी बोलणी सुरू होतात. वैद्यही त्या समाधानात सहभागी होतो, चालू असलेला कल्प पुढील महिन्यासाठी लिहून देतो आणि औषधालयचालक तो बांधून देतो. गर्भिणीच्या रक्तातील साखर त्या दिवशी किती होती, हा प्रश्न या साऱ्या व्यवहारात कोणी विचारलेला नसतो. गर्भाची वाढ आणि गर्भाची पक्वता या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. मातेला मधुमेह असेल तर पहिली गोष्ट दुसरीच्या आड येऊ शकते, आणि त्याची झळ नवजाताच्या फुप्फुसांना लागते. या विषयाकडे ज्या गांभीर्याने पाहावयास हवे, त्या गांभीर्याने आपला व्यवसाय पाहत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. ते सकारण मांडावे म्हणून हा लेखनप्रपंच.

चरकसंहितेच्या शारीरस्थानात, आठव्या अध्यायात, गर्भाला उपघात करणाऱ्या भावांची गणना आली आहे. तेथे नित्य मधुर रस सेवन करणाऱ्या गर्भिणीचे अपत्य प्रमेही, मूक किंवा अतिस्थूल होते, असा अभिप्राय आचार्यांनी नोंदविला आहे. चिकित्सास्थानातील प्रमेहाध्यायात मधुमेही मातापित्यांच्या बीजदोषाने जन्मतः प्रमेही होणाऱ्या अपत्याचा विचार आहे. तो मार्ग वेगळा. शारीरस्थानातील सूत्र बीजाबद्दल बोलत नाही, ते गर्भधारणेनंतरच्या मातेच्या आहाराबद्दल बोलते. आपल्या परिषदांतून या सूत्राचा उच्चार पुष्कळदा होतो, आणि त्यापाठोपाठ ‘आधुनिकांना आज जे कळले ते आमच्या आचार्यांना सहस्रावधी वर्षांपूर्वी ज्ञात होते’ हे वाक्य हमखास येते. मला ते वाक्य रुचत नाही. आचार्यांनी मातेचा आहार पाहिला, अपत्याचे शरीर पाहिले आणि दोहोंचा संबंध लावला. हे निरीक्षण स्वयमेव एवढे मोलाचे आहे की, त्याला फुप्फुसाच्या पेशींचे ज्ञान चिकटविण्याची आवश्यकता नाही. या सूत्राचा खरोखर आदर करणाऱ्याने प्रथम आपल्या औषधालयातील मांडणीकडे पाहावे. गर्भिणीसाठी म्हणून ठेवलेल्या बरण्यांपैकी किती बरण्यांत साखर हाच प्रमुख घटक आहे, हे तेथे लगेच दिसेल. त्याविषयी पुढे लिहितो.

आधी आधुनिक वैद्यकातील इतिहास थोडक्यात पाहू, कारण त्यातूनच या प्रश्नाचे मर्म उलगडते. इन्सुलिन १९२२ साली टोरांटो येथे प्रथम रुग्णास दिले गेले. त्यापूर्वी मधुमेही स्त्रीस गर्भ राहणे हीच दुर्मिळ गोष्ट होती आणि राहिला तर मातेच्या जिवावर बेतत असे. इन्सुलिनमुळे माता वाचू लागल्या. मुले मात्र दगावतच राहिली. बॉस्टन येथे प्रिसिला व्हाइट या वैद्यक विदुषीने आयुष्यभर याच स्त्रियांची चिकित्सा केली. त्यांनी १९४९ साली केलेले मधुमेही गर्भिणींचे वर्गीकरण पुढे जगभर वापरले गेले. त्या काळातील चिकित्सकांसमोर मोठा पेच होता. नऊ महिने पूर्ण होऊ द्यावेत तर शेवटच्या आठवड्यांत गर्भ अचानक पोटातच मरण पावे. म्हणून पस्तीस ते सदतीस आठवड्यांतच प्रसूती करवून घ्यावी, तर वजनाने चांगले भरलेले, लालबुंद, गोल चेहऱ्याचे मूल जन्माला येई आणि काही तासांतच धापा टाकू लागे. वजनाकडे पाहावे तर पूर्ण दिवसांचे, श्वासाकडे पाहावे तर सातव्या-आठव्या महिन्यातले, असे हे मूल पाहून त्या पिढीतील चिकित्सक बुचकळ्यात पडले होते.

याची कारणमीमांसा कोपनहेगनचे योर्गेन पेडरसन यांनी १९५२ साली मांडली. मातेच्या रक्तातील साखर अपरेतून, म्हणजे वारेतून, सहज पलीकडे जाते; मातेची साखर वाढली की गर्भाचीही वाढते. मातेचे इन्सुलिन मात्र अपरा ओलांडत नाही. सुमारे तिसऱ्या महिन्यापासून गर्भाचे स्वतःचे स्वादुपिंड इन्सुलिन निर्माण करू लागते आणि आईकडून येणारी साखर सतत अधिक असेल तर ते स्वादुपिंड सतत अधिक इन्सुलिन स्रवते. त्यातील पेशीसमूहही वाढीस लागतात. मातेच्या शरीरात इन्सुलिन अपुरे आणि गर्भाच्या शरीरात तेच उदंड, अशी ही विचित्र स्थिती आहे. गर्भावस्थेत इन्सुलिन हा वाढीचा प्रमुख स्राव आहे. तो साखरेचे मेदात रूपांतर करतो, यकृत व हृदय मोठे करतो, खांदे रुंद करतो. घरच्यांना दिसणारे बाळसे ते हेच.

आता फुप्फुसांकडे वळू. अपुऱ्या दिवसांच्या मुलांची फुप्फुसे का मिटतात, याचे उत्तर बॉस्टनच्याच मेरी एलेन एव्हरी यांनी जेरे मीड यांच्यासह १९५९ साली दिले. वायुकोशांच्या आतील भिंतीवर पाण्याचा पातळ थर असतो. ओली प्लास्टिकची पिशवी उघडताना तिच्या दोन्ही बाजू जशा एकमेकींना चिकटून बसतात, तसेच हा थर वायुकोशास आतल्या आत ओढून मिटवू पाहतो. वायुकोशाच्या भिंतीतील विशिष्ट पेशी एक स्निग्ध द्रव्य स्रवतात. ते या पाण्याचा ताण घटवते आणि उच्छ्वासानंतरही वायुकोश उघडा ठेवते. यालाच सर्फॅक्टंट म्हणतात. लेसिथिन नावाचा स्निग्धांश हा त्याचा मुख्य भाग, आणि त्यासोबत काही विशिष्ट प्रथिने असतात. चोविसाव्या आठवड्याच्या सुमारास हे द्रव्य तयार होऊ लागते आणि सर्वसाधारण गर्भात पस्तिसाव्या आठवड्याच्या आसपास पुरेसे होते. ते नसेल तर प्रत्येक श्वासाला मुलास पहिल्या श्वासाइतकेच श्रम पडतात. थोड्या वेळाने मूल थकते.

ही पेशी वेळेवर पक्व व्हावी यासाठी गर्भाच्या अधिवृक्क ग्रंथीतून स्रवणारे कॉर्टिसॉल महत्त्वाचे ठरते. न्यूझीलंडचे ग्रॅहम लिगिन्स यांनी १९६९ साली मेंढीच्या गर्भावर हे दाखविले. त्यानंतर त्यांनी रॉस हॉवी यांच्यासह मुदतपूर्व प्रसूतीची शक्यता असलेल्या मातांना त्याच जातीचे औषध देऊन १९७२ साली फल प्रसिद्ध केले. आज सरकारी रुग्णालयांतही दिली जाणारी डेक्सामेथासोनची इंजेक्शने हे त्याच कामाचे फलित. मधुमेही मातेच्या गर्भात नेमके बिघडते काय, याचा उलगडा मात्र १९७५ साली झाला. बॅरी स्मिथ व त्यांच्या सहकाऱ्यांनी सशाच्या गर्भाच्या फुप्फुसपेशी प्रयोगशाळेत वाढविल्या. त्यांना कॉर्टिसॉल दिले असता लेसिथिनची निर्मिती वाढली. कॉर्टिसॉलसोबत इन्सुलिन दिले असता ती वाढ नाहीशी झाली. पुढील संशोधनात सर्फॅक्टंटमधील प्रथिनांच्या निर्मितीवरही इन्सुलिनचा असाच प्रतिबंध दिसून आला. म्हणजे या गर्भात कॉर्टिसॉल मुळातच स्रवत नाही असे नव्हे. त्याचा आदेश पेशीपर्यंत पोहोचतो, पण इन्सुलिनच्या गर्दीत पेशी तो पाळत नाही.

आपल्या परिभाषेत सांगावयाचे तर एक स्राव उपचयाचा आहे, दुसरा परिपाकाचा. उपचय अमर्याद झाला की परिपाक मागे पडतो. ही केवळ समजावून घेण्याची सोय आहे, इन्सुलिन म्हणजे अमुक दोष आणि कॉर्टिसॉल म्हणजे तमुक अग्नी, अशी समीकरणे कोणी मांडू नयेत.

प्रयोगशाळेतील ही गोष्ट प्रत्यक्षात उतरते का? बॉस्टनमधील प्रसूतींची जुनी नोंदपत्रे तपासून एव्हरी यांच्या गटाने १९७६ साली हिशेब मांडला. गर्भाचे आठवडे, प्रसूतीचा प्रकार इत्यादी इतर कारणांचा प्रभाव वजा केल्यावरही मधुमेही मातांच्या मुलांत श्वासकष्टाचा धोका इतरांच्या ५.६ पट निघाला, आणि हा फरक अडतीस आठवडे वा त्याहून कमी दिवसांच्या मुलांत होता. गर्भजल काढून त्यातील स्निग्धांशांच्या प्रमाणावरून फुप्फुसाची पक्वता ओळखण्याची जी पद्धत लुई ग्लक यांनी १९७१ साली रूढ केली, तीही मधुमेही मातांच्या बाबतीत इतरत्र इतकी विश्वासार्ह ठरली नाही. चाचणीत पक्व ठरलेल्या गर्भासही जन्मानंतर श्वासकष्ट झाल्याची उदाहरणे मिळाली.

फुप्फुसाखेरीज इतरही परिणाम आहेत. त्यांचा केवळ उल्लेख करतो. वाढलेले इन्सुलिन गर्भाची प्राणवायूची गरज वाढवते. ती भागविण्यासाठी गर्भ रक्तकण अधिक तयार करतो, रक्त दाट होते आणि जन्मानंतर कावीळ वाढते. हृदयातील पडदा जाड होऊ शकतो. नाळ कापल्यावर आईकडील साखर एकदम थांबते, पण मुलाचे इन्सुलिन तत्काळ ओसरत नाही. त्यामुळे पहिल्या काही तासांत मुलाची साखर धोकादायकरीत्या खाली येते.

येथे आपल्याकडील एका नव्या रूढीविषयी लिहिल्यावाचून राहवत नाही. नवजाताचा प्रत्येक श्वासकष्ट सर्फॅक्टंटच्या उणिवेमुळेच होतो असे नाही. गर्भात फुप्फुसे द्रवाने भरलेली असतात आणि प्रसूतीच्या कळा सुरू झाल्यावर गर्भाच्या रक्तात जे स्राव उसळतात, त्यांच्या प्रभावाने हा द्रव शोषला जाऊ लागतो. कळा सुरू होण्यापूर्वीच शस्त्रक्रियेने मूल बाहेर काढले तर द्रव मागे राहतो आणि मूल धापा टाकते. मधुमेही मातेच्या मुलात ही अडचण व आधीची अडचण एकत्र येऊ शकतात. असे असता पंचांग पाहून, शुभ नक्षत्र साधावे म्हणून सदतिसाव्या आठवड्यातच सिझेरियन करविण्याचा आग्रह कुटुंबे धरतात, आणि मुहूर्त विचारण्यासाठी घरच्या ओळखीच्या वैद्याकडेच येतात. अशा वेळी मुहूर्त काढून देणे हे आपले काम नव्हे. साखर आटोक्यात असेल आणि दुसरे काही कारण नसेल, तर एकोणचाळीस आठवडे पूर्ण होईपर्यंत थांबावे, असेच भारत सरकारची मार्गदर्शक तत्त्वेही सांगतात. मात्र कधी कधी मातेच्या वा गर्भाच्या प्रकृतीमुळे आधी प्रसूती करावीच लागते. तो निर्णय प्रसूतितज्ज्ञाचा, त्यात आपण भर घालू नये की मोडताही घालू नये.

आता मुख्य प्रश्नाकडे येतो. किती साखर म्हणजे धोका? नऊ देशांतील सुमारे पंचवीस हजार गर्भिणींचा एक मोठा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. हॅपो या नावाने तो ओळखला जातो. नाळेच्या रक्तातील सी-पेप्टाइड, म्हणजे गर्भाच्या इन्सुलिननिर्मितीची खूण, त्यात मोजण्यात आली होती. मातेची साखर जसजशी चढती, तसतसे गर्भाचे वजन आणि त्याचे इन्सुलिन दोन्ही चढते आढळले. अमुक आकड्याखाली निर्धास्त आणि त्यावर धोका, अशी ठळक रेषा दिसली नाही. पेडरसन यांचा सिद्धान्त जवळजवळ साठ वर्षांनी असा हजारो नाळांतून पडताळला गेला.

त्या नऊ देशांत भारत नव्हता. आपल्याकडील चित्र अधिक फसवे आहे आणि ते दाखविण्याचे श्रेय पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांना जाते. पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील नवजातांची मोजमापे घेऊन त्यांनी ती इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या मुलांशी ताडून पाहिली. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या कामानुसार आपली मुले सरासरी २.७ किलोची, तिकडची ३.५ किलोची. हाडे, स्नायू, पोटातील अवयव यांत आपली मुले फार मागे. पण पाठीच्या त्वचेखालील मेदात मात्र त्या मानाने फारशी मागे नाहीत. त्याआधी २००२ साली याच गटाने पुणे व लंडन येथील नवजातांच्या नाळेतील रक्ताची तुलना केली, तेव्हा आपल्या लहान चणीच्या मुलांत इन्सुलिन अधिक आढळले. वरून कृश आणि आतून मेदस्वी अशी ही आपली मुले आहेत. म्हणून ‘चार किलोचे बाळ नाही, मग साखरेचा प्रश्न नसणार’ हा युक्तिवाद महाराष्ट्रातील वैद्याने करू नये. खेड्यातील किडकिडीत गर्भिणीचे सव्वातीन किलोचे बाळ हेही तिच्या मानाने मोठे असू शकते. पोटाचा घेर पाहून, गर्भिणीची अंगकाठी पाहून किंवा प्रभूतमूत्रता, पिपासा ही लक्षणे विचारून हा मधुमेह कळत नाही, कारण बहुतेकींना कोणतेही लक्षण नसते. रक्त तपासावेच लागते.

ही तपासणी अवघड नाही. चेन्नईचे डॉ. व्ही. शेषय्या यांनी आग्रहाने पुरस्कारलेली आणि सरकारी तत्त्वांत स्वीकारली गेलेली पद्धत अशी: गर्भिणी उपाशी असो वा जेवून आलेली असो, ७५ ग्रॅम ग्लुकोज सुमारे ३०० मिलिलिटर पाण्यात मिसळून पाच-दहा मिनिटांत प्यावयास द्यावे आणि दोन तासांनी रक्तशर्करा मोजावी. ती १४० मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक असेल तर तिला गर्भिणी-मधुमेह समजावे. पहिल्या भेटीतच एकदा, आणि ती निर्दोष आल्यास चोवीस ते अठ्ठावीस आठवड्यांत पुन्हा एकदा. पहाटेच्या गाडीने उपाशीपोटी तालुक्याला येण्याची सक्ती यात नाही, हे आपल्या ग्रामीण रुग्णांच्या दृष्टीने फार सोयीचे आहे. आपल्याकडे येणाऱ्या प्रत्येक गर्भिणीच्या केसपेपरवर नाडी, जिव्हा, मल, मूत्र यांच्या खाली ही संख्या लिहिलेली असावी, आणि ती नसेल तर पुढचे औषध लिहू नये, इतका कडक नियम आपण स्वतःस घालून घ्यावा, असे माझे मत आहे.

साखर वाढलेली निघाल्यावर पुढे काय? येथे वैद्यास उत्तम अवकाश आहे. सरकारी तत्त्वांतही प्रथम दोन आठवडे आहारचिकित्सा आहे; त्यानंतर जेवणोत्तर दोन तासांची साखर १२० किंवा त्यापेक्षा अधिक राहिली तरच औषध. हे दोन आठवडे आपले आहेत. प्रमेहाच्या पथ्यात यव व मुद्ग यांना आचार्यांनी किती महत्त्व दिले, ते आपण जाणतोच. गर्भिणीस ते निषिद्ध नाहीत. ज्वारी, नाचणी, मूग, पालेभाज्या, ताक, घरचे तूप माफक, दोन मोठ्या जेवणांऐवजी थोडे थोडे विभागून अन्न, आणि जेवणानंतर अंगणात वा गच्चीवर थोडे चालणे, एवढ्याने पुष्कळ जणींची साखर आटोक्यात येते. ‘दोन जिवांची आहेस, दोघांचे खा’ हा सासू-आईचा आग्रह प्रेमापोटी असतो. तो मोडून काढावयाचा तर डॉक्टरांच्या छापील तक्त्यापेक्षा घरच्या वैद्याचा शब्द अधिक उपयोगी पडतो. उपाशी ठेवणे मात्र चुकीचे. गर्भिणीने लंघन करू नये.

दोन आठवड्यांनंतरही साखर उतरली नाही तर इन्सुलिन किंवा प्रसूतितज्ज्ञ सांगतील ते औषध सुरू करावे लागते, आणि नेमक्या याच वेळी गर्भिणी आपल्याकडे येते. ‘वैद्यराज, इंजेक्शन नको, बाळाला अपाय होईल, तुमच्याकडे काही काढा असेल तर द्या’, असे ती काकुळतीने म्हणते. तिला दुखवू नये असे वाटते. आपल्यापैकी काही जण हो म्हणतात, हे मी जाणतो. त्यांनी वर सांगितलेली यंत्रणा पुन्हा डोळ्यांसमोर आणावी. आईला टोचलेले इन्सुलिन अपरा ओलांडून बाळापर्यंत जात नाही. बाळाला बाधते ते बाळाचे स्वतःचे इन्सुलिन, आणि ते वाढते आईच्या साखरेमुळे. म्हणजे आईचे इन्सुलिन थांबविले की बाळाच्या रक्तातील इन्सुलिन वाढणार. बाळास अपाय होऊ नये म्हणून इंजेक्शन सोडणारी माता, ज्याला ती भिते तेच त्याच्या अंगात ओतत असते. हा एक मुद्दा नीट समजावून सांगितला तर बहुतेक गर्भिणी इंजेक्शनला तयार होतात, आणि वैद्याने सांगितले म्हणून अधिक विश्वासाने तयार होतात.

प्रमेहघ्न औषधांविषयीही निःसंदिग्ध बोलले पाहिजे. गुडमार, मामेजवा, कारल्याचा रस, विजयसार ही द्रव्ये इतर रुग्णांत आपण निर्धास्तपणे वापरतो. गर्भिणीत त्यांची निरापदता सिद्ध झालेली नाही आणि तीक्ष्ण, अतितिक्त द्रव्यांविषयी गर्भिणीपरिचर्येचा सूर सावधगिरीचाच आहे. चंद्रप्रभावटीत दंती व त्रिवृत आहेत. वसंतकुसुमाकरात नागभस्म आहे. ही नावे गर्भिणीच्या चिठ्ठीवर असू नयेत. ‘आम्ही वर्षानुवर्षे देतो, काही झाले नाही’ हे उत्तर पुरेसे नाही. जन्मानंतर मूल कोठे गेले, त्याला किती तास प्राणवायू लागला, याची नोंद आपल्यापर्यंत येतच नाही. काही सन्मित्र म्हणतील की ही आधुनिक वैद्यकापुढे शरणागती झाली. गर्भिणीच्या बाबतीत आचार्यांनी आपल्याला तेलाने काठोकाठ भरलेले पात्र न हिंदकळता नेण्याची उपमा दिली आहे. ते पात्र ज्याच्या हाती अधिक स्थिर राहील त्याच्या हाती देण्यात कमीपणा कसला?

यात आशेची बाब मोठी आहे. साखर गर्भारपणात चांगली आटोक्यात राहिली आणि प्रसूती पूर्ण दिवसांनी झाली, तर मधुमेही मातेच्या मुलाचा हा श्वासकष्टाचा धोका इतर मुलांच्या जवळपास येतो, हे १९८० नंतरच्या अनुभवाने ठरले आहे. प्रिसिला व्हाइट यांच्या काळातील तो पेच आज प्रत्येक तालुक्यात सोडविता येण्याजोगा आहे.

औषधालयचालक बंधूंना स्वतंत्र विनंती करतो. शतावरीकल्पाच्या बरणीवरील घटकांची यादी वाचून पाहावी. त्यात बहुतांश साखर असते, आणि तो कल्प तसाच करावयाचा असतो. त्यात भेसळ नाही की लबाडी नाही. पण चहाचे दोन चमचे दोन वेळा म्हणजे दिवसाला सुमारे वीस ग्रॅम, तेही दुधातील शर्करेखेरीज. च्यवनप्राश, गुलकंद, मोरावळा यांची गोष्ट तीच. लोणी-खडीसाखरेचे तर कौतुकच अधिक. शतावरी द्यावयाचीच असेल तर चूर्ण दुधात उकळून देता येते. काही उत्पादनांवर ‘साखरविरहित’ असे ठळक छापून आत गूळ, मध वा खडीसाखर घातलेली असते. रक्तात गेल्यावर या साऱ्यांची साखरच होते. गर्भिणीसाठी म्हणून कोणी कल्प मागितला तर ‘साखर तपासली का?’ एवढे दोन शब्द गल्ल्यावरून विचारले जावेत. त्याने विक्री थोडी घटेल, हे मी नाकारत नाही. चिठ्ठीविना महिनोन्महिने तोच कल्प नेणाऱ्या गर्भिणीची गाठ वैद्यापेक्षा दुकानदाराशीच अधिक पडते; म्हणून हा प्रश्न त्याने विचारणे अधिक महत्त्वाचे.

मुदतपूर्व प्रसूतीची शक्यता दिसल्यास रुग्णालयात फुप्फुसपक्वतेसाठी डेक्सामेथासोन देतात. त्याने मधुमेही मातेची साखर दोन-तीन दिवस उसळते आणि इन्सुलिनची मात्रा वाढवावी लागते. नातेवाईक घाबरून आपल्याला दूरध्वनी करतात, की इंजेक्शनने साखर वाढली, आता काय करावे? साखर वाढणे अपेक्षित आहे, रुग्णालयात तिच्यावर लक्ष ठेवले जात आहे, आणि बाळाच्या श्वासासाठी ते इंजेक्शन आवश्यक आहे, एवढेच सांगून त्यांना धीर द्यावा.

जन्मानंतरचा पहिला दिवस हा शेवटचा मुद्दा. मधुमेही मातेची प्रसूती जेथे नवजाताची साखर मोजण्याची व प्राणवायूची सोय आहे तेथेच व्हावी, हे सातव्या महिन्यातच ठरवून टाकावे आणि आपल्या चिठ्ठीत मातेच्या साखरेच्या सर्व नोंदी, तारखांसह, लिहून द्याव्यात; बालरोगतज्ज्ञास त्या चिठ्ठीचा फार उपयोग होतो. बाळास पहिल्या तासाच्या आत अंगावर घ्यावे. ते मिनिटास साठाहून अधिक श्वास घेत असेल, कण्हत असेल, नाकपुड्या फुलवीत असेल किंवा बरगड्यांमधली जागा आत ओढत असेल, तर तोंडावाटे काहीही देऊ नये. आजी मध-तूप चाटविण्याची वाटी घेऊन उभी असते आणि वैद्याने सुवर्णप्राशनाची मात्रा आणावी अशी अपेक्षा असते. साखर उतरलेल्या नवजातास मध हा उपचार नव्हे, आणि धाप लागलेल्या मुलाच्या घशात काही घातले तर ते श्वासनलिकेत जाण्याचे भय असते. अशा मुलाला आधी नवजात कक्षात न्यावे. वाटी आजीच्या हातातून वैद्याने स्वतः, आदराने, काढून घ्यावी.